मोजणीच्या रात्रीबद्दल मंदाला

दादर, मुंबई

प्रिय मंदा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालीस, "घरोघरी फिरून माहिती घेणं जड गं, बेघरांचं काय, एका रात्रीचं तर काम." मी तेव्हा नुसतं 'हो' म्हटलं आणि फोन ठेवला. मग रात्री झोप लागेना. येत्या जनगणनेत तू पर्यवेक्षक होणार, तुझ्या हाताखाली सहा-सात प्रगणक, म्हणजे प्रत्यक्ष मोजणी करणारे, असणार, आणि त्या रात्री तू त्यांना जे सांगशील तेवढंच ती पोरं करतील. फोनवर निम्मं राहून गेलं असतं, म्हणून लिहायला बसले. पत्र लांबणार आहे, चहा घेऊन बस.

२०११ च्या जनगणनेत मी प्रगणक होते, हे तुला माहीत आहे. ९ ते २८ फेब्रुवारी शाळा सांभाळून चाळींचे जिने चढायचे, आणि २८ च्या रात्री बेघरांची मोजणी. प्रशिक्षणात व्याख्या दिली होती: ज्यांना 'जनगणना घर' नाही, जे रस्त्याकडेला, फुटपाथवर, सिमेंटच्या मोठ्या पाइपांत, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या ओट्यावर, मंडपात नाहीतर रेल्वेच्या फलाटावर राहतात, ते बेघर. सगळ्या देशाची एकच रात्र, म्हणजे कुणी दोनदा मोजलं जायला नको. कागदावर हे अगदी चोख आहे.

माझ्या वाट्याला भायखळ्याच्या बाजूचा एक पूल आणि त्याच्या दोन्ही अंगांचे फुटपाथ आले. रात्री दहाला निघालो. मी, आमच्या शाळेतल्या एक बाई आणि सोबतीला एक हवालदार. लोक पाठीला पाठ लावून झोपलेले, डोक्यावरून चादर ओढलेली. टॉर्च मारला की चादर आणखी घट्ट व्हायची. हवालदाराचे बूट दिसले की बोचकी आवरायला लागायची. "मोजायला आलोय, हटवायला नाही," असं किती वेळा म्हणाले असेन! साडेअकराला माझ्या कागदावर ३१ माणसं होती. काम झालं असं वाटलं.

तेवढ्यात पुलाच्या खांबाआडून आवाज आला, "बाई?"

आमच्या चौथी 'ब'मधली मुलगी. तीन वर्षं तिची हजेरी मी घेत होते. पटावर तिचा पत्ता एका दुकानाच्या मागचा होता आणि ती तिथल्या चाळीत राहते असं मी धरून चालले होते. रेलिंगला तिचा गणवेश हँगरवर टांगलेला, वर दुधाच्या पिशव्या कापून शिवलेलं आवरण, धूळ बसू नये म्हणून. मंदा, मी त्या मुलीला वर्गात दोनदा उशिरा आल्याबद्दल उभं केलं होतं. सकाळी पाण्याच्या रांगेत तिचा नंबर लागायचा तेव्हा ती निघायची, हे मला त्या रात्री कळलं.

तिने माझा कागद पाहिला आणि शांतपणे चुका काढायला लागली. "बाई, त्या निळ्या चादरीत दोन नाहीत, तिघं आहेत, बाळ मधे आहे." "इथे तीन काका झोपतात, हॉटेलात कामाला आहेत, दीडला येतात." "ती मावशी रात्री झोपत नाही. जिन्यापाशी बसून असते, सकाळी झोपते." "ते आजोबा आज देवळाकडे गेलेत, तिकडच्या बाईंना सांगा." हवालदाराला मी लांब थांबायची विनंती केली आणि दोन वाजेपर्यंत तिच्या मागे मागे फिरले. ३१ चे ४७ झाले. त्या सोळा जणांत सात बायका होत्या. बायका उजेडात झोपत नाहीत, आडोशाला झोपतात, किंवा झोपतच नाहीत. आणि टॉर्च घेऊन आलेल्याला दिसतात ते उजेडातले.

मी रोज चाळीस मुलांची हजेरी घेणारी बाई. मोजण्यात माझी चूक होत नाही असा मला भरवसा होता. तरी तीन माणसांतलं एक मी सोडलं होतं, आणि ती मुलगी भेटली नसती तर ३१ हाच आकडा पुढे गेला असता, कायमचा.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड आहे. मोजणीच्या चार दिवस आधी पुलाच्या एका अंगाला पालिकेची गाडी येऊन गेली होती. बांबू, प्लास्टिक, पत्रे, सगळं उचलून नेलेलं. दुसऱ्या अंगाला तशीच कुटुंबं, त्याच गावची, त्याच कामाला जाणारी, पण त्यांच्या झोपड्या उभ्या. आता ज्याच्या डोक्यावर छप्पर आणि बाजूला आडोसा, त्याला प्रगणक घरवाला धरतो. म्हणजे डावीकडचे बेघर आणि उजवीकडचे घरवाले. गाडी रस्त्याच्या पलीकडे आली असती तर उलट झालं असतं. आणि गाडीनंतर जी कुटुंबं भिऊन दुसऱ्या वॉर्डात पांगली, ती माझ्या कागदावर आलीच नाहीत. माझ्या फुटपाथवर बेघर 'घटले'.

आता आकडे सांगते, कारण तुझ्या प्रशिक्षणात ते येतीलच. २०११ ला बृहन्मुंबईत बेघर निघाले ५७ हजारांच्या आसपास. सव्वा कोटीच्या शहरात ५७ हजार! दादरहून भायखळ्याला रात्री टॅक्सीने गेलेल्या कुणालाही विचार, पटतं का. देशात २००१ ला बेघर होते १९.४३ लाख, २०११ ला १७.७३ लाख. बातमी आली की बेघर कमी झाले. पण शहरं वेगळी काढून बघ: ७.७८ लाखांचे ९.३८ लाख झाले. खेड्यांत घटले, शहरांत वाढले, आणि बेरजेत ती वाढ बुडून गेली. कल विचारायचा तर आधी कुठला, हे विचारावं लागतं.

दिल्लीचं उदाहरण मी सगळ्यांना देते. २००० साली तिथे बेघरांसाठी काम करणाऱ्या आश्रय अधिकार अभियानाच्या लोकांनी रात्री रस्त्यांवर फिरून मोजणी केली, ५२,७६५ माणसं सापडली. पुढच्याच वर्षीच्या जनगणनेत दिल्लीचे बेघर जेमतेम २५ हजार. एका वर्षात निम्म्या लोकांना घरं मिळाली का? मोजणारे वेगळे, पद्धत वेगळी, म्हणून आकडा वेगळा. असे दोन आकडे शेजारी ठेवून कुणी आलेख काढून दाखवला, तर मंदा, तो आलेख बेघरांचा नसतो, मोजणाऱ्यांचा असतो.

माझा भाचा लंडनला आहे. त्याच्याशी हे बोलले तेव्हा तिथली पद्धत कळली. तिथे रात्रीच्या फेऱ्या करणारी पथकं वर्षभर उघड्यावर झोपलेल्या प्रत्येक माणसाची नोंद ठेवतात. २०२४-२५ मध्ये असे १३,२३१ जण दिसले. आणि २०२४ च्या शरद ऋतूतल्या एका रात्रीच्या मोजणीत तिथे भरले १,३१८. दहापट फरक, आणि दोन्ही आकडे खरे. एका रात्री किती रस्त्यावर असतात हा एक प्रश्न, आणि वर्षभरात किती जणांवर ती वेळ येते हा दुसरा. कुणी आठवडाभर रस्त्यावर असतो, कुणी वीस वर्षं. आपण दहा वर्षांत एक रात्र बघतो, आणि आता तर सोळा वर्षांनी, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. २०११ ला माझ्या पुलाखाली जन्मलेलं ते निळ्या चादरीतलं बाळ आता दहावीच्या वयाचं असेल. मधल्या काळात टाळेबंदी झाली, माणसं चालत गावी गेली, परत आली. त्यातलं काही कुठल्या मोजणीत नाही.

न्यूयॉर्कमध्ये आणखी एक करतात, ते मला फार आवडलं. मोजणीच्या रात्री काही माणसांना मुद्दाम बेघरांसारखं रस्त्यावर बसवतात आणि सकाळी बघतात, यांतले किती जण मोजणाऱ्यांना सापडले. जितके सुटले त्यावरून एकूण किती सुटले असतील याचा अंदाज बांधतात. आपण चुकतो हे आधीच मान्य करून चूक मोजायची. आपल्याकडे हे कुणी केलं तर माझ्यासारख्या किती जणींचे ३१ चे ४७ होतील!

तू म्हणशील, शैला, आकड्याचं एवढं काय. ज्याला छप्पर नाही त्याला कागदावर एक रेघ मिळाली काय आणि न मिळाली काय. याचं उत्तर मुंबईतच आहे. १९८१ च्या पावसाळ्यात फुटपाथवरल्या लोकांना शहराबाहेर घालवायचा सरकारने हुकूम काढला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ओल्गा टेलिस आणि फुटपाथवर राहणाऱ्यांचा तो खटला. १९८५ च्या जुलैत सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितलं, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. पण हटवायला बंदी केली नाही. आधी नोटीस द्या आणि पावसाळा जाऊ द्या, म्हणाले. पर्यायी जागा कुणाला द्यायची? तर १९७६ च्या गणतीत ज्यांची नोंद झाली त्यांना. ती गणती मुख्यतः झोपडपट्ट्यांची, फुटपाथवरचे बहुतेक तिच्यात धरलेलेच नव्हते. कागदावरची ती रेघ नसेल तर पुढे दाखवायला काहीच नाही.

म्हणून १९८५ सालीच 'स्पार्क' या संस्थेने भायखळ्यातल्या फुटपाथवरच्या बायकांना सोबत घेऊन सहा हजारांच्या घरात कुटुंबांची मोजणी केली, आणि अहवालाला नाव दिलं 'वी, द इन्व्हिजिबल', आम्ही न दिसणारे. कुठून आले, कधी आले, काय काम करतात, सगळं विचारलं. माझ्या त्या मुलीने २०११ ला जे केलं ते तिच्या आजीच्या वयाच्या बायका याच भागात आधीच करून बसल्या होत्या. हे मी फार उशिरा वाचलं. प्रशिक्षणात कुणी सांगितलं असतं तर मी दहा वाजता टॉर्च घेऊन नव्हे, संध्याकाळी चार वाजता रिकाम्या हाताने गेले असते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांना दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा, चोवीस तास आणि बारा महिने चालू, असं बंधन घातलं. बेघरांच्या आकड्यावर न ठेवता लोकसंख्येवर ठेवलं, ही शहाणपणाची गोष्ट. त्या हिशोबाने मुंबईत सव्वाशेच्या आसपास हवेत. तेवढे कधीच झाले नाहीत. आणि जे झाले ते कुठे उघडायचे, कामाच्या जागेपासून किती लांब, बायकांसाठी किती, कुटुंबांसाठी किती, हे ठरवायला पुन्हा कुठल्या फुटपाथवर कोण आहे तेच माहीत लागतं. लांबचा निवारा ओस पडतो आणि मग म्हणतात, लोकांनाच यायचं नाही. पहाटे चारला मासळीच्या टोपल्या उचलणारा माणूस दोन तासांवरच्या निवाऱ्यात कसा झोपेल?

फेब्रुवारीचंही लक्षात ठेव. दिवाळीनंतर मराठवाड्यातून माणसं मजुरीला निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. २०१६ च्या दुष्काळात घाटकोपरला मैदानात पालं ठोकून राहिलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. गावात घर आहे, शेत आहे, पाणी नाही. त्यांना विचारलंस तर 'आमचं घर हाय की गावाला' म्हणतील, आणि खोटं नाही ते. परळला कॅन्सरच्या रुग्णालयाबाहेर फुटपाथवर महिनोन्महिने काढणारे नातेवाईकही तेच सांगतात. तुमच्याकडे पुण्यात ससून रुग्णालयाच्या आसपास पाहिलंस तर तसे भेटतील. यांना कुठे धरायचं याचं उत्तर नियमात आहे, पण माझं समाधान त्याने झालेलं नाही. निदान शेऱ्यात तरी लिहून ठेवायला सांग.

तर माझं ऐकशील तर एवढं कर. आठवडाभर आधी संध्याकाळी फिर, पोरांनाही ने. प्रत्येक ठिकाणी एक माणूस शोध, तिथेच राहणारा, शक्यतो बाई. चहाच्या टपरीवाल्याला, सुलभवाल्याला विचार, त्यांना कोण कधी येतं ते पाठ असतं. पोलीस लांब उभा कर. टॉर्च तोंडावर मारायचा नाही. एकदा मोजून झालं की दोन वाजता पुन्हा फेरी. आणि त्या आठवड्यात तुमच्या भागात पालिकेची गाडी येऊ नये म्हणून चार्ज ऑफिसरना, म्हणजे भागाच्या जनगणनेची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यांना, लेखी कळव, तोंडी नको.

ती मुलगी सातवीनंतर शाळेतून गेली. पुलाखाली जाऊन आले, तिथे आता लोखंडी जाळी आहे आणि कुंड्या आहेत. शेजारच्या दुकानदाराला विचारलं, त्याला तिचं कुटुंब आठवतं, कुठे गेलं ते माहीत नाही.

मला आता कुणी प्रगणक करणार नाही, पण सोबत यायला कुणाची हरकत नसावी. १ मार्च २०२७ हा संदर्भदिन, म्हणजे ज्या दिवशीची लोकसंख्या धरायची तो दिवस, ठरलाय, म्हणजे मागल्या वेळेसारखी आदली रात्रच असेल. मी चार दिवस आधी पुण्याला येते, संध्याकाळच्या फेऱ्या आपण दोघी करू. दुपारच्या गाडीने निघेन, स्वारगेटला घ्यायला ये. स्टँडच्या आवारापासूनच सुरुवात करू.

तुझी,
शैला