कळमन्याच्या हमालभाऊंसाठी रक्तदाते आणि मदत हवी आहे

सक्करदरा परिसरातील सर्व रहिवाशांना मंडळाचा नमस्कार.

कळमना मार्केटमध्ये हमाली करणारे आपल्या वस्तीतले एक भाऊ शहरातल्या रुग्णालयात भरती आहेत. घरच्यांच्या इच्छेमुळे नाव देत नाही. त्यांना उजव्या किडनीचा कॅन्सर आहे. पण लघवीतून रक्त नाही, कंबर दुखली नाही. आधी दोन्ही पाय सुजले. हमालाचे पाय सुजणारच, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. मग पोटावर शिरा उठून दिसू लागल्या, जिना चढताना दम लागू लागला. हृदयाचं दुखणं समजून टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, तर हृदयाच्या उजव्या कप्प्यात गाठ दिसली. सीटी स्कॅनमध्ये तिचं मूळ किडनीत सापडलं.

हा कॅन्सर कधीकधी मांडवावर वेल चढावा तसा शिरेतून वर सरकतो. शंभरातल्या चार ते दहा रुग्णांत तो पोटातल्या महाशिरेत शिरतो, हृदयापर्यंत जेमतेम एखाद्यात पोचतो. महाशीर तुंबली की पायांकडचं रक्त वर चढत नाही, म्हणून ती सूज.

“हृदयापर्यंत गेलं, आता पैसा पाण्यातच,” असं वस्तीत बोललं जातंय. आम्ही डॉक्टरांना नेमकं हेच विचारलं. फुफ्फुसं, हाडं, यकृत तपासलं. तिथे काही नाही. असा फक्त शिरेतून चढलेला कॅन्सर तिसऱ्या टप्प्यात धरतात, चौथ्यात नाही, आणि त्याचं ऑपरेशन होऊ शकतं. धोका मोठा आहे. ऑपरेशन चालू असताना गाठीचा तुकडा सुटून फुफ्फुसात अडकू शकतो, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

किडनीचे आणि हृदयाचे सर्जन एकत्र ऑपरेशन करतील, तेवढा वेळ हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन लागेल, रक्त भरपूर लागेल. वाहिलेलं रक्त गोळा करून परत चढवण्याची सोय कॅन्सरमध्ये सहसा टाळतात, त्यामुळे भिस्त दात्यांवरच. त्यात नवतपा तोंडावर, कॉलेजांना सुट्ट्या. या दिवसांत रक्तपेढ्यांत चणचण असतेच. प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, म्हणून काही दाते ऑपरेशनच्या आसपास लागतील. गट कोणताही चालेल, बदली रक्त देता येतं, म्हणजे तुमच्या रक्ताच्या बदल्यात रक्तपेढी त्यांच्या गटाचं रक्त देते. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5 हवं, आधीच्या रक्तदानाला पुरुषांचे तीन, महिलांचे चार महिने झालेले असावेत.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद दिले आहेत. त्यातून न भागणाऱ्या खर्चासाठी रुग्णालयाच्या नावे चेक द्या; मंडळ रोख घेणार नाही. घर रोजीवर चालत होतं, तेव्हा किराणा किंवा रुग्णालयात डबा पोचवणं हीसुद्धा मोठीच मदत.

जाता जाता एक सांगतो, कारण हे आम्हालाही आत्ताच कळलं. दोन्ही पाय विनाकारण सुजले, किंवा पुरुषाच्या उजव्या वृषणाभोवती नव्याने फुगलेल्या शिरा आडवं झाल्यावरही ओसरल्या नाहीत, तर पोटाची सोनोग्राफी करायची का, हे डॉक्टरांना विचारा.

नावनोंदणी रोज संध्याकाळी मंडळाच्या कार्यालयात. रक्त द्यायला उपाशीपोटी येऊ नका, पाणी भरपूर पिऊन या.