कथकच्या ताईंना, एका यंत्रमाग कामगाराकडून

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

मुलगी कथकची 'प्रवेशिका पूर्ण' परीक्षा पास झाली. पेढे आणून दिले, पण जे बोलायचं होतं ते तुमच्यासमोर काही जमलं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. सोलापुरातल्या आमच्या पूर्व भागातल्या इतर आईबापांनीही वाचावं.

रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती ही कथकची संस्था काढली, तेव्हा घरंदाज मुलींनी कथक करणं लोकांना रुचत नव्हतं, असं तुम्ही पालकसभेत सांगितलं होतंत. ताई, आमच्या गल्लीत ते साल अजून पुरतं सरलेलं नाही. माझ्या आईचा तर साफ नकार होता. तुम्ही घरी येऊन मोडक्यातोडक्या तेलुगूत तिच्याशी बोललात. काय बोललात कोण जाणे, मी कारखान्यात होतो. रात्री आई म्हणाली, जाऊ दे पोरीला.

मग मागाचं काम आठवड्यातून दोन-तीन दिवसांवर आलं. फी थकली, मी पोरीचं नाव काढायला आलो. तेव्हा तुम्ही फी माफ केली असतीत, तर मी पुन्हा तुमची पायरी चढलो नसतो. तुम्ही एवढंच विचारलंत, "घरात शिलाई मशीन कोण चालवतं?" बायको तेव्हा विड्या वळायची. तिच्याकडे तुम्ही नाचाचे अंगरखे शिवायला दिलेत. शिलाईतून फी वळती करून उरलेले पैसे दर महिन्याला हिशेबाच्या चिठ्ठीसकट पाठवलेत. आता घरात तंबाखूचा वास नसतो.

गॅदरिंगपुरती गाणी बसवून द्या, वाटेल ते पैसे देतो म्हणणारे पालक मी तुमच्या दारात पाहिलेत. तुम्ही त्यांना तत्कारापासून, म्हणजे पायांच्या अगदी पहिल्या धड्यापासून सुरुवात करायला सांगता आणि ते निघून जातात. धंदा म्हणून हे चूकच. पण म्हणूनच आमची पोर त्रितालाच्या १६ मात्रा हातावर धरून ठाय, दुगुन, चौगुन, म्हणजे साध्या, दुप्पट, चौपट लयीत बोल न अडखळता म्हणते. मागाच्या खडखडाटात ताल असतो असं लोक कौतुकानं सांगतात. पाळीभर त्यात उभं राहणाऱ्याला विचारा म्हणावं. मला ताल कळला तो पोरीच्या पढंतीत, तिच्या या बोल म्हणण्यात.

हुतात्मा स्मृती मंदिरातल्या कार्यक्रमाचे अंगरखे शिवून तयार आहेत, चुडीदार राहिलेत. ओढण्यांचा रंग तेवढा लवकर कळवा. गेल्या वेळेसारखं ऐनवेळी नको, असा बायकोचा निरोप आहे.

आपला नम्र,
एक पालक, सोलापूर