आमच्या निर्धूर चुलीचे मानकरी

घरात गॅस आहे, तरी भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच, हा सासूबाईंचा हट्ट. मागच्या पडवीत आता दोन वैलांची, म्हणजे भांडी ठेवायच्या दोन जागांची, निर्धूर चूल बसली, त्यासाठी हे मनापासून आभार.

चूल घालणाऱ्या मावशी, माती, शेण आणि तूस मळताना तुमचा हात बघत राहावा असा. दुसऱ्या वैलाखाली तुम्ही उंचवटा ठेवलात, त्याचं इंगित चूल पेटल्यावर कळलं. ज्वाळ त्यावर चढून भांड्याच्या बुडाला लागते, मगच धूर धुराड्याकडे वळतो. पुढच्या वैलावर भाकरी, मागे डाळ आपसूक शिजते.

कौलं उतरवून धुराडं आढ्यापेक्षा दोन-तीन फूट वर नेणाऱ्या गवंडीदादांना नमस्कार. तोंड खाली राहिलं तर वारा धूर परत घरात ढकलतो, यावर ते घासाघिशीतही अडून राहिले. (घासाघीस अर्थात मीच करत होते.)

पेटवायला शिकवलं शेजारच्या काकूंनी. आधी बारीक काटक्या आणि नारळाची सोडणं, धुराडं तापलं की मग जाड लाकूड, आणि तेही बेतानं. तोंड कोंबलं की वारा अडतो. "ओलं लाकूड घातलंस तर चूल कसलीही असो, डोळे चोळणं आलंच गो!" धुराड्यातली काजळी वरचेवर झाडायची, हीसुद्धा त्यांचीच ताकीद.

आणि पावसाच्या बेगमीची वाळकी खांडकी उतरवून चहाही न घेता पळालेल्या टेम्पोवाल्या पोरांनो, तुमची हमाली काढून ठेवली आहे. येऊन घेऊन जा.