काळजीवाहकांचे काम कौशल्य म्हणून नोंदवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, दिव्यांग व्यक्तींची काळजी घेणाऱ्यांचे ठिकठिकाणी सत्कार होतात. ते व्हायलाच हवेत. पण भाषणांत माया, सेवाभाव, पुण्य हेच शब्द येतात आणि प्रत्यक्ष काम काय असते ते सांगायचे राहून जाते. कामच सांगितले नाही, तर त्याचा पगार, सुट्टी आणि प्रशिक्षण कशावरून ठरणार? म्हणून मणक्याच्या दुखापतीने मानेखालचे किंवा कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या व्यक्तीच्या घरी ही मावशी किंवा हा मदतनीस काय करतो, ते इथे मांडत आहोत.

दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. संवेदना नसल्याने हाडाखाली दबलेली कातडी दुखत नाही आणि तिथला रक्तपुरवठा तुटतो. माकडहाड, खुब्याची बाजू, टाचा आणि घोटे रोज उजेडात पाहायचे. लाल डाग दिसला तर बोटाने दाबायचा. दाब काढल्यावरही तो पांढरा न पडता लालच राहिला, तर बेडसोरची, म्हणजे दाबाने होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली असे समजून त्या बाजूवर अजिबात भार द्यायचा नाही. इथे चांगल्या मनाची माणसेही चुकतात. लाल जागा चोळतात, त्याने आतल्या पेशी आणखी दुखावतात. मधे भोक असलेली गोल उशी ठेवतात, तिच्या कडेने उलट रक्त अडते. एअर मॅट्रेस आणली की कूस बदलणे थांबवतात. आणि माणसाला गादीवरून ओढून वर सरकवतात, तेव्हा कातडी जागेवर राहते आणि आतले हाड सरकते. पाठीखाली आडवी चादर घालून ती दोघांनी दोन्ही बाजूंनी उचलायची, ही साधी रीत शिकवावीच लागते.

लघवीचेही तसेच. दिवसातून ठरावीक वेळा नळी घालून मूत्राशय रिकामे करायचे असेल, तर साधारण चार ते सहा तासांचे अंतर ठेवून, हात साबणाने धुऊन, एका वेळी पाचशे मिलीच्या वर साठू न देता. कायमची नळी असेल तर पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता अडकवायची आणि नळीला पीळ पडलेला नाही ना, ते प्रत्येक वेळी कूस बदलल्यावर बघायचे. दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा तिच्या वर असेल, तर एवढ्याशा पिळाने रक्तदाब एकदम चढतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, दुखापतीच्या वरच्या भागाला घाम फुटतो. घाबरून आडवे झोपवले तर धोका वाढतो. आधी बसवायचे, कपडे आणि पट्टे सैल करायचे, नळी तपासायची. लक्षणे उतरली नाहीत तर लगेच रुग्णालय. हे माहीत असलेली बाई त्या क्षणी एक जीव वाचवत असते.

पलंगावरून व्हीलचेअरवर घेताना खुर्ची पलंगाला तिरकी लावायची, दोन्ही ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करायच्या, शक्य तिथे सरकफळी (पलंग आणि खुर्चीवर टेकवून माणसाला सरकवायची गुळगुळीत फळी) वापरायची. काखेत हात घालून उचलले की त्या माणसाचा खांदा निखळू शकतो आणि उचलणाऱ्याची कंबर जाते. काळजीवाहकांच्या पाठदुखीकडे कामामुळे झालेला आजार म्हणून क्वचितच पाहिले जाते, याचे आम्हाला फार वाईट वाटते.

आता कायद्याकडे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये काळजीवाहकाची व्याख्या आहे. मोबदला घेणारा आणि न घेणारा, दोघेही तीत येतात. म्हणजे आई, बायको, भाऊ हेही. कलम २४ मध्ये अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांग व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे आणि कलम ३८ नुसार ही गरज तपासणाऱ्या मंडळाकडे प्रकरण जाते. भत्ता दिव्यांग व्यक्तीच्या नावे असल्याने मदतनीस कोण ठेवायचा हे तिने ठरवायचे, हे आम्हाला योग्यच वाटते. दुसरीकडे, राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘सहयोगी’ योजनेत काळजीवाहकांचे प्रशिक्षण आहे, पण हा न्यास ज्या १९९९ च्या कायद्याने स्थापन झाला, त्याचा आवाका स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता एवढाच. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. मणक्याची दुखापत झालेल्यांच्या किंवा मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू क्षीण होत जाण्याचा आजार) असलेल्यांच्या घरी राबणाऱ्यांनी कुठे शिकायचे?

महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. त्याने प्रशिक्षण देऊन, हाताने काम करून दाखवायची परीक्षा घेऊन काळजीवाहकांना ओळखपत्र द्यावे. त्यावर कूस बदलणे, नळीची निगा, उचलण्याची पद्धत, भरवणे, फिट आल्यावर काय करायचे, अशी येणारी कामे एकेक करून लिहिलेली असावीत. घर बदलले तरी ते पत्र बाईबरोबर राहील आणि पगाराची बोलणी ‘घरकामाची बाई’ या दराने होणार नाहीत. घरेलू कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीतही हे काम त्याच्या नेमक्या नावाने यावे. काळजीवाहक पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत माणूस येतो तिथे, घराने दिलेली रक्कम आणि कामगाराच्या हाती पडलेली रक्कम, दोन्ही पावतीवर छापणे सक्तीचे करावे.

आठवड्याच्या सुट्टीचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. बदलीवर आलेल्या माणसाला काहीच ठाऊक नसते, म्हणून घरचे सुट्टी नाकारतात आणि बाईही संकोचाने थांबते. यावर पलंगाजवळ लावलेला एक कागद पुष्कळ काम करतो: कूस बदलल्याच्या वेळा व बाजू, लघवी किती मिली, शौच कधी, लाल डाग कुठे, नळी बदलल्याची तारीख, डॉक्टरांचा फोन. पहिल्या सुट्टीआधी बदलीच्या माणसाने एक पूर्ण पाळी सोबत काढावी. त्या जादा पाळीचा पगार परवडत नसलेल्या घरांसाठी स्थानिक स्वराज्य संस्थांचा दिव्यांगांसाठी राखीव असलेला ५ टक्के निधी वापरता यावा. बहुतेक घरांत हे काम आई किंवा बायको बिनपगारी करते आणि तिला तर बदली नसतेच, तेव्हा या निधीतून मिळणाऱ्या पाळ्यांवर पहिला हक्क तिचा असावा. नगरपालिका आणि महानगरपालिकांनी येत्या अंदाजपत्रकात यासाठी वेगळे लेखाशीर्ष उघडावे, अशी आमची मागणी आहे.

— मज्जारज्जू पुनर्वसनात काम करणारे काही फिजिओथेरपिस्ट व परिचारिका, पुणे