मंत्रीसाहेब, आम्हाला शनिवार संध्याकाळची एक खोली द्या

माननीय मराठी भाषा मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना सप्रेम नमस्कार.

साहेब, मागणं आहेच, पण आधी आनंदाची बातमी सांगते. गेल्या दिवाळीपासून आत्तापर्यंत आमच्या कथा लिहिणाऱ्यांच्या ग्रुपमधल्या सहा जणांचं लेखन छापून आलंय. चौघांच्या कथा दिवाळी अंकात, एकीची छोटी कादंबरी, आणि एकाचा पहिला कथासंग्रह. ग्रुप तरी केवढा, तर चौदा माणसं. परळ, लालबाग, वडाळा इथली बरीचशी, दोघं विरारवरून येतात. रविवारी मेगाब्लॉक असतो म्हणून आम्ही दुसरा आणि चौथा शनिवार धरलाय.

आमच्यातली एक नर्स आहे, नाइट शिफ्ट करते. तिची कथा आलीये हे तिला संपादकांनी फोनवर कळवलं होतं पण अंक हातात आला नव्हता, तर वसुबारसेच्या दिवशी ड्युटीवरून सुटल्यावर ती थेट दादर स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर गेली, मी सोबत होते, एका हातात झेंडूची पिशवी, दुसऱ्या हाताने अंक उघडायचा प्रयत्न, मागून गर्दी ढकलतेय. अनुक्रमणिकेवरून बोट फिरवत फिरवत खाली आली आणि स्वतःच्या नावावर थांबली. काही बोलली नाही. तीन अंक घेतले, स्टॉलवाल्या काकांनी विचारलं एकच अंक तीनदा कशाला, तर तिने पान उघडून नाव दाखवलं. काकांनी चष्मा लावून नाव मोठ्याने वाचलं आणि तिसऱ्या अंकाचे पैसे घेतलेच नाहीत. १९०९ साली का. र. मित्रांनी याच मुंबईतून ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा चालत आलीये, आणि त्यात आता आमच्या परळच्या पोरीचं नाव आहे, याचा मला किती अभिमान वाटतो ते सांगता येणार नाही.

दुसरे आमचे काका. वय ७३, कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, १९८२ च्या संपात नोकरी गेली ती गेलीच. त्यांनी पहिल्यांदा कथा वाचून दाखवली तेव्हा त्यात सगळा संप होता, मोर्चे, भाषणं, तारखा, सगळं खरं पण कथा काही उभी राहत नव्हती. त्यात एका ओळीत एक खानावळवाल्या मावशी येऊन जात होत्या, संपातही ज्या पोरांना जेवू घालत होत्या आणि उधारी वहीत लिहीत होत्या. तर आमच्यातल्या बेस्टच्या कंडक्टरने विचारलं, काका, त्या वहीत नेमकं काय लिहिलेलं असायचं? काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, मावशींना लिहिता यायचं नाही, माझ्याकडून लिहून घ्यायच्या, आणि जो गावाला गेला तो परत येणार नाही हे कळलं तरी त्याचं नाव खोडू द्यायच्या नाहीत. खोलीत चौदा माणसं होती, कोणी हललं नाही. काकांनी ती कथा चार वेळा नव्याने लिहिली, शेवटी फक्त ती वही राहिली, बाकी संप सगळा तिच्या आत गेला. ती छापून आली तेव्हा कोकणातून, सांगलीकडून अशी वाचकांची पत्रं आली, फोन आले, ज्यांचे वडील गिरणीत होते ती माणसं फोनवर रडली.

साहेब, ही कथा काकांच्या घरी एकट्याने झाली नसती. ती त्या खोलीत झाली, कोणीतरी ऐकत होतं आणि कोणीतरी प्रश्न विचारला म्हणून झाली. मला तुम्हाला हेच सांगायचंय.

कारण ती खोली आता नाही. एका शाळेने चार वर्षं आम्हाला संध्याकाळी एक वर्ग वापरायला दिला होता, पाचवीच्या बाकांवर गुडघे आखडून बसायचो, पण पंखा होता, फळा होता. मे महिन्यात व्यवस्थापन बदललं आणि बाहेरच्यांना परवानगी बंद झाली. त्यांच्यावर राग नाही, इतकी वर्षं दिलं तेच खूप. मग हॉल बघितले, तासाचं भाडं ऐकून परत आलो. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलो, दोन बैठका झाल्या आणि पाऊस सुरू झाला. व्हिडिओ कॉल करून बघितला तर काकांना नीट ऐकूच येईना, शिवाय चाळीतल्या एका खोलीत सहा माणसं असताना नर्सताईंनी मोठ्याने कथा वाचायची कुठे?

आणि दिवाळी अंकाला कथा पाठवायची वेळ नेमकी जून-जुलैची असते. गेल्या वर्षी आमच्या ग्रुपमधून नऊ कथा गेल्या होत्या. यंदा दोनच गेल्या.

सरकार काही करत नाही असं मी म्हणणार नाही. आमच्या कंडक्टरचा कथासंग्रह साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेतूनच निघालाय, ती योजना नसती तर त्याने प्रकाशकाला द्यायला पैसे आणले कुठून असते. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही वर्गात पेढे वाटले होते. पण अनुदान मिळतं ते तयार हस्तलिखिताला, आणि हस्तलिखित तयार व्हायला जागा लागते, त्याचा विचार कुठल्याच योजनेत दिसत नाही.

तर मागणं असं. चर्नी रोडच्या मराठी भाषा भवनाचं भूमिपूजन २०२२ च्या गुढीपाडव्याला झालं. त्या भवनात एक खोली रोज संध्याकाळी सहा ते नऊ लिहिणाऱ्या ग्रुपसाठी मोकळी ठेवा, नाव नोंदवायचं आणि बसायचं, भाडं नाही. एसी नको, मंच नको, माइक नको, वीस खुर्च्या पुरेत. आणि ती खोली मिळेपर्यंत महापालिकेशी बोलून मराठी शाळांमधले संध्याकाळी रिकामे असणारे वर्ग अशा ग्रुपना मिळतील असं काही करा. चावी घ्यायची-द्यायची, झाडून काढायची, दिवे बंद करायची जबाबदारी आम्ही लेखी घेतो. आमच्यासारखे ग्रुप या शहरात आणखी असणार, त्यांनाही जागा मिळेल.

काकांनी दुसरी कथा लिहायला घेतलीये, साचाखात्यातल्या आवाजाबद्दल आहे एवढंच कळलंय. गेल्या आठवड्यात ते भाजी घेताना भेटले, खिशातून घडी घातलेले कागद काढून म्हणाले, वाचायची कधी? पुढची बैठक चौथ्या शनिवारी साडेसहाला आहे. जागा ठरली की तुमच्या कार्यालयाला कळवते, वेळ असेल तर नक्की या, काकांची कथा ऐका.

आपली नम्र,
परळची एक कथालेखिका