गोळी घेतली, आता पुढचं ऐक

सातारा,
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रोज रात्री तुझा फोन येतो. जेवलीस का, गोळी घेतलीस का, गुडघा काय म्हणतो. मी सांगते, जेवले, घेतली, बरा आहे. तेवढ्यात तिकडं छकुली रडायला लागते नाहीतर तुझा ऑफिसचा फोन वाजतो आणि सांगायचं ते सगळं राहून जातं. म्हणून हे पत्र. जन्मभर पोस्टात लोकांची पत्रं हाताळली, एक आपलंही जाऊ दे.

आधी तब्येतीचं उरकते, म्हणजे तुझं लक्ष पुढं लागेल. तीन महिन्यांची सरासरी साखर ८.१ होती, ती ६.९ वर आली. रात्रीचा भात सोडला नाही, निम्म्यावर आणला. आणि जेवण झालं की टीव्हीपुढं न बसता आम्ही दोघं मंगळवार तळ्याकडं चक्कर मारून येतो. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, हे मला फिजिओथेरपीवाल्या मुलीनं समजावलं. इतकी वर्षं सगळे नुसतं ‘गोड बंद’ म्हणत होते, का ते कुणी सांगितलंच नाही. गुडघ्यासाठी तिनं खुर्चीत बसून पाय सरळ करायचा आणि दहा आकडे होईपर्यंत तसाच धरायचा, एवढंच दिलंय. बघणाऱ्याला वाटेल बाई नुसती बसलीय, पण मांडी लटलट कापते. मांडीत जोर आला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. होतोय.

आणि सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाते. तोंड वासू नकोस. डांबरी रस्त्यानं, माझ्या चालीनं, दरवाजापर्यंत. अंगात असेल त्या दिवशी पुढं मंगळाईच्या देवळापर्यंत. चढणाचं काही वाटत नाही, गुडघ्याची खरी परीक्षा उतरताना असते, म्हणून उतरताना तेवढी हातात काठी. ती काठी मला आधी अपमानाची वाटायची. पण गडावर माझ्याहून म्हाताऱ्या दोघीजणी काठीनं कुत्री हाकत इतक्या ऐटीत उतरतात की आता मीही तशीच उतरते. पावसाळाभर वर नुसतं धुकं होतं, आता उघडलंय. एकीकडं यवतेश्वर, लांब सज्जनगड, पलीकडं जरंडेश्वर, आणि खाली आपला सातारा. आपली गल्ली काही सापडत नाही. बाबा म्हणतात सापडते. मला वाटतं ते ठोकून देतात.

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं हे तुला माहीत आहे. त्याचे परिणाम मात्र माहीत नाहीत. त्यांना आता पंख्यावरची धूळ दिसते, कपाच्या कानातला चहाचा डाग दिसतो, आणि मुख्य म्हणजे ते सगळं मला दाखवतात. मी एकदा म्हटलं, दिसतंय ना, मग पुसा. तर खरंच पुसायला लागले. तिथून स्वयंपाकघरात शिरले. पिठलं येतं त्यांना आता, गुठळ्या न होता. मीठ मात्र चमच्यानं मोजून घालतात आणि तो चमचा जागेवर नसला तर मी वर्गात असले तरी मला फोन करतात.

वर्ग म्हणजे मोडीचा, जुने मराठी कागद ज्या लिपीत लिहायचे तिचा. हे तुला फोनवर सांगायला घेतलं होतं, तू म्हणालास “वा, छान”, आणि विषय संपला. आता नीट ऐक.

राजवाड्याजवळ एका वाचनालयात वर्ग असतो. बरेचसे निवृत्त, दोन वकील आणि एक कॉलेजातली मुलगी. देवनागरीत आपण आधी अक्षर काढतो, मग डोक्यावर रेघ देतो. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्यावर अक्षरं लटकवत जायची, दांडीवर धुणं टाकावं तशी. होता होईल तो हात उचलायचा नाही. दोन शब्दांत जागा नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. वाक्य कुठं संपलं ते वाचणाऱ्यानं ओळखायचं. ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही हे कळल्यावर सगळा वर्ग खूश झाला, पण सुख तेवढंच. ‘र’ शेजारच्या अक्षराला चिकटला की असा काही रूप बदलतो की त्याला शोधत बसावं लागतं. मला इतरांपेक्षा लवकर जमलं, कारण डॉक्टरांपासून गवंड्यांपर्यंत सगळ्यांच्या हातचे पत्ते मी लावलेत. अख्खा शब्द बघायचा, एकेका अक्षरावर अडायचं नाही.

हिशेब तुला आवडतील. शके असेल तर ७८ मिळवले की बहुतेक वेळा इसवी सन येतं. जुन्या कागदांत सुहूर सन असतं, ती मराठेशाहीतली वेगळी कालगणना, त्यात ५९९ नाहीतर ६०० मिळवायचे, कारण ते वर्ष मृगाला बदलतं. १८४८ साली सातारचं राज्य खालसा झालं, त्याच्याही आधीच्या कागदांच्या झेरॉक्स सर आणतात. त्यापुढं आपला कागद अगदी कालचा.

हो, आपला कागद. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत होता. शके १८३४, म्हणजे १९१२. ओढ्याकाठच्या जमिनीचं गहाणखत. आपल्या घरात काय सांगतात? बाबांच्या पणजोबांनी जमीन सावकाराकडं टाकली आणि पणजोबांनीच हिमतीनं सोडवली. पण कागदावर लिहून देणार म्हणून बाबांच्या पणजीचं नाव आहे आणि नवऱ्याच्या नावामागं ‘कैलासवासी’. रक्कम दीडशे रुपये, कारण बैल आणि बियाणं. खाली सहीच्या जागी बांगडीची निशाणी. शेतकऱ्यानं नांगर काढायचा, बाईनं बांगडी, अशी रीत होती. तिच्या हातात तेव्हा बांगडी नसणार. कागदावर मात्र एक वाटोळं वर्तुळ, जरा वाकडं, शाई जास्त झालेलं. आणि पाठीमागं तीन वर्षांनंतरची नोंद, दुसऱ्या हातची: मुद्दल व व्याज भरून पावलो.

सर म्हणाले, १८७९ चा कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठीचा कायदा झाला तेव्हा त्यात पुणे, नगर, सोलापूर आणि आपला सातारा असे चार जिल्हे होते, सावकारीनं इतकं गांजलं होतं इथं. त्या दिवसांत एका बाईनं तीन वर्षांत गहाण सोडवलं आणि घरानं ते नवऱ्याच्या नावावर जमा करून टाकलं! मी वाचून दाखवलं तेव्हा बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच विचारलं, “आजोबा तेव्हा केवढे असतील?” हिशेब केला तर बारा-तेरा वर्षांचे निघाले. आता आल्यागेल्या प्रत्येकाला तो कागद दाखवतात. वाचायला मला हाक मारतात आणि चहा स्वतः ठेवतात.

तर तुझं ते, “दोघंही इकडंच या, खोली रिकामीच आहे.” सूनबाईनंही मनापासून म्हटलं, ते मला कळतं. पण बाणेरच्या अकराव्या मजल्यावर मी सकाळी कुठं चढू? हातपाय थकले की येऊच, तेव्हा मानपान धरून बसणार नाही. आज मात्र गुरुवारी आणि रविवारी मला वर्ग आहे, बाबांचा गल्लीतला कट्टा आहे, आणि पेटीत अजून कितीतरी कागद न उलगडलेले आहेत. तुम्हाला वेळ होत नाही म्हणून आम्ही इथं झुरत बसलोय असं मनात आणू नकोस. फोन मात्र रोज कर. गोळीचं विचारलंस तरी चालेल, पण एक प्रश्न त्यापुढचा विचारत जा.

दिवाळीला वसुबारसेलाच या. येताना काकांकडून जुन्या कागदांची पिशवी घेऊन ये. वाटण्यांच्या वेळी निम्मे कागद त्यांच्याकडं गेले. ते म्हणतील फोटो पाठवतो. फोटोत शाई पुसट दिसते, मूळ कागदच आण, आणि पिशवी डिकीत टाकू नकोस, मांडीवर घे.

तुझी,
आई

ता. क. छकुलीसाठी कंदी पेढे घेऊन ठेवीन. बाबांसमोर पुडा उघडायचा नाही. त्यांना आता लांबून दिसतं.