बाळूच्या ताईला पत्र

सातारा

प्रिय सुमे,

दिवाळीनंतर पत्र नाही म्हणून रागावली असशील, तो राग नंतर काढ. मीराला मुलगी झाली. बाळंतीण ठीक, माझे गुडघे नेहमीसारखेच. पण घरी सोडण्याआधी बाळाचे कान तपासले आणि कागदावर दोन्ही कानांपुढे 'रेफर' आलं, म्हणजे पास नाही, पुन्हा तपासा. घरात कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही. माझ्या डोळ्यांपुढून ऐकू न येणारा आपला बाळू हलत नाही. तुझ्याशिवाय कुणाला लिहू?

तपासणी मी शेजारी बसून पाहिली. रबरी टोकाची बारीक नळी कानात बसवतात, तिच्यातून टिकटिक सोडतात आणि मग कान काय परत पाठवतो ते ऐकतात. खरंच गं, कान आवाज परत देतो! कानाच्या आत शंखासारखी वळलेली नळी असते, त्या शंखात केशपेशींच्या, म्हणजे केसांसारख्या टोकांच्या पेशींच्या, रांगा असतात. आतल्या रांगेतल्या साधारण साडेतीन हजार, त्या ऐकलेलं मेंदूकडे धाडतात. बाहेरच्या रांगांतल्या बारा हजारांच्या आसपास, त्या आवाजाबरोबर आखडतात, लांबतात आणि हलका आवाज वाढवून देतात. त्या हालचालीचा पुसट आवाज उलटा बाहेर येतो. डेव्हिड केम्प यांनी तो १९७८ मध्ये मोजून दाखवला. आमच्या बाळाच्या कानातून तो आला नाही.

तपासणाऱ्या मुलीने समजावलं, की जन्मल्यावर काही दिवस मधल्या कानात पाणी राहतं, कानाच्या बाहेरच्या वाटेत चिकटा असतो. पडद्यामागची हातोडी, ऐरण आणि रिकीब ही इवली हाडं हवेतली थरथर आतल्या द्रवात ढकलतात. रिकीब तर जेमतेम तीन मिलिमीटरची, तांदळाच्या दाण्याहून लहान. पाणी साचलं की त्यांना नीट हलता येत नाही. आवाज धड आत जात नाही, परतही येत नाही. म्हणून बरीच बाळं दुसऱ्या खेपेला पास होतात. एवढंच धरून बसले आहे.

इकडे मीराच्या सासूबाई ताट वाजवतात. बाळ दचकलं की "बघा, ऐकतंय!" आठवतं का, माडीवर तू बाळूच्या मागे परात आपटलीस, तो वळला, तू नाचलीस, मी म्हटलं, फळ्या हादरल्या म्हणून वळला. त्यावर तू माझे सागरगोटे विहिरीत टाकलेस. ते माझे अजून येणं आहेत. पण ऐक, दचकणं वेगळं आणि बोलणं ऐकू येणं वेगळं. स, श यांचा आवाज उंच पट्टीतला, तो शंखाच्या तोंडाशी ओळखला जातो. खर्जातला पार आतल्या टोकाशी. तोंडाशीच्या पेशी गेल्या तर परात कळते, पण 'शमा'तला 'श' निसटतो. आणि गेलेल्या पेशी माणसाला परत येत नाहीत. कोंबडीला येतात, सुमे! माझ्या नातीला का नाहीत?

जावई म्हणतात, वर्षभर थांबू, आमच्याकडे मुलं उशिराच बोलतात. मी थांबू देणार नाही. तीन महिन्यांच्या आत निदान आणि गरज असेल तर सहा महिन्यांच्या आत उपाय सुरू, असं डॉक्टर सांगतात. शंख जन्मतःच मोठ्या माणसाएवढा असतो. ऐकायला शिकायचं असतं मेंदूने, आणि त्याला आवाज या सुरुवातीच्या वर्षांतच हवा. बाळू शाळेत गेला तेव्हा सात वर्षांचा होता. काकूंनी नवस किती केले, पण कानाच्या मशीनचं नाव त्यांच्याजवळ कुणी काढलंच नाही. पत्त्यांत आपल्या दोघींना रोज हरवणारा मुलगा तो!

गुरुवारी पुन्हा तपासणी. तीही बिघडली तर बेरा करायची. बाळ झोपलेलं असताना कपाळाला नि कानामागे तारा लावून, आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का ते बघतात. झोपेल तर ना! आवाज थेट तुझ्या आत्याबाईंचा आहे. निकाल काहीही लागो, हिला मी आपल्या खुणा शिकवणार आहे: पावसाची, भुताची आणि तुझ्या नाकाची.

निखिलचं ठरलं हे ऐकून आनंद झाला. हॉल मिळाला का? मोतीबिंदू लग्नाआधी उरकून घे.

बाळूला इतक्यात सांगू नकोस. नाही, सांगच. लहानपणी त्याला आपल्याकडून काय हवं होतं ते विचार, आणि तो सांगेल ते जसंच्या तसं लिही, गोड करू नकोस. बुधवारपर्यंत पोचेल असं टाक.

तुझी,
शमा